अरुंद टायर आणि रुंद माणूस

कोरोनेल अरियागा,
१८ ऑगस्ट १९६९

प्रिय नेलिदा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तू म्हणाली असशील, जाड्याला काहीतरी हवं असणार. बरोबर आहे. मला टायर हवेत. त्याआधी कुठले टायर घ्यावेत, हे तुझ्याकडून हवंय.

बारा ऑक्टोबरला आमच्या क्लबची हौशी शर्यत आहे, दरवर्षीचीच. चोवीस किलोमीटरचा फेरा, असे चार फेरे, रस्ता मातीचा. गेल्या वर्षी मी एकोणीस गाड्यांत अठरावा आलो. एकोणिसावा जो होता, त्याने वाटेत थांबून तारेत अडकलेली एक गाय सोडवली होती, असं तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेस म्हणे. सांग बापडी. पण मग हेही सांग, की गाय सोडवून तो माझ्या मागे येऊन ठेपला होता आणि तरी मी त्याला पुढे जाऊ दिलं नाही. रस्ता अरुंद होता आणि मी रुंद आहे.

यंदा मला जिंकायचंय. हसून झालं की पुढे वाच.

गेल्या महिन्यात माणसं चंद्रावर उतरली आणि मला अजून पुलाचं वळण धड जमत नाही. हे काही बरं नाही. शिवाय आमचे नोटरी, रोमुलो पागानी, त्यांनी ब्युनोस आयरेसहून रुंद टायर मागवलेत. मऊ रबराचे. कॅफेच्या दाराशी गाडी लावून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या टायरवर नख रुतवून बघायला सांगतात. मीही रुतवून पाहिलं. नेलिदा, लोण्यात रुतावं तसं रुततं! मासिकात लिहिलंय की असं रबर वळणावर रस्ता सोडतच नाही. तर मलाही तसलेच हवेत. रुंद आणि मऊ. तू मागवशील?

मिर्ता बरी आहे. शाळेत यंदा तुझ्या लेकीला शिकवायला चौथीचा वर्ग मिळालाय. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, असं समज.

ओफेलियाने तुझी आठवण काढलीय. तिच्या मते चव्वेचाळीस वर्षांच्या दातांच्या डॉक्टरने शर्यतीत उतरणं म्हणजे पेशंटना कुचाळकीला विषय देणं आहे.

तुझा मामेभाऊ,
अन्सेल्मो


त्रेस आरोयोस,
२३ ऑगस्ट

जाड्या,

मागवणार नाही.

तुझ्या वेगाला मी शर्यत म्हणत नाही, म्हणून तर तेरा वर्षं तुला सल्ला देत आलेय. तेव्हा नीट ऐक. रुंद टायर डांबरी रस्त्यावर चांगला. तुमच्या फेऱ्यात तळ्याच्या काठाला चार किलोमीटर काळी माती आहे. वरून वाळलेली दिसते, आत लोण्याचा गोळा. रुंद टायर असल्या मातीवर तरंगतो. तरंगणारी गाडी सुकाणूचं ऐकत नाही. अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि घट्ट जमिनीला टेकतो. तुला जमीन हवीय की तळं, ते ठरव.

दुसरं. खाणीच्या बाजूला सहा किलोमीटर चुनखडीचे दगड आहेत, सुरीसारखे. मऊ रबर तिथे कापलं जातं. लगेच कळत नाही. कळतं तेव्हा तू वळणात असतोस.

म्हणून: अरुंद, कडक, खोल नक्षीचे. मऊ टायर माझ्या दुकानातून जाणार नाहीत. तुलाच काय, कोणालाच नाही.

आत्ताचे चारही टायर काढून आगगाडीने पाठव. कुठला कुठे होता ते खडूने लिही. घासलेला टायर बघितल्याशिवाय मी नवा देत नाही, तूही तोंड बघितल्याशिवाय दात उपटत नसशील. आणि तुझं वजन कळव. खरं.

नेलिदा


कोरोनेल अरियागा,
३० ऑगस्ट

प्रिय नेलिदा,

टायर आजच्या मालगाडीत चढवले; तोवर गाडीला अडगळीतले जुने लावलेत. स्टेशनमास्तरने पावतीवर काय माल म्हणून लिहायचं असं विचारलं. मी म्हणालो, ‘वैद्यकीय तपासणीसाठी नमुने.’ त्याने तसंच लिहिलं. पावती पाहून दचकू नकोस.

माझं वजन शहाण्णव किलो.

(एकशे चार. — ओफेलिया)

पाहिलंस? या घरात नवऱ्याला स्वतःचं पत्रही एकट्याने लिहिता येत नाही.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. काळ्या मातीचं पटतं. दगडांचंही पटतं. पण नेलिदा, पाऊस तीन आठवडे नाही. माती पार वाळलीय. आणि मऊ टायरने प्रत्येक फेऱ्याला दोन-तीन सेकंद तरी वाचतात, हे खोटं आहे का? माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पेशंटला मी हे समजावतो आणि एकानेही अजून विरोध केलेला नाही. अर्थात त्यांच्या तोंडात माझे दोन्ही हात असतात.

सराव जोरात चाललाय. दर रविवारी पहाटे उठतो. पुलाचं वळण आता ब्रेकला पाय न लावता घेतलं जातं. मागच्या रविवारी फेऱ्याला साडेसोळा मिनिटं लागली. गेल्या वर्षी एकवीस लागायची! एवढी सुधारणा बघून पागानींनी कॅफेत माझ्यासाठी खुर्ची ओढली. एरवी या गावात माझ्यासाठी ओढतात त्या दोन खुर्च्या, एकीत मी मावत नाही म्हणून.

तेव्हा पुन्हा विचार कर. चार नाही तर नाही, निदान पुढचे दोन मऊ?

मिर्ता बरी आहे. खोकला होता, गेला.

अन्सेल्मो


त्रेस आरोयोस,
९ सप्टेंबर

जाड्या,

नमुने मिळाले. हमाल ते हातात धरायला तयार नव्हता. त्याला वाटलं, तुझ्या गावात साथ आलीय.

तुझे टायर मी तेरा वर्षं बघतेय. तू ब्रेक मारतोस तो जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, प्रत्येक पायरीवर थांबून. म्हणून तुझ्या टायरवर ठिकठिकाणी चपटे डाग असतात. एखादा डाग इतका मोठा असतो की त्यावर कॉफीचा कप ठेवावा.

या चार टायरांवर एकही डाग नाही.

पुढचा डावा मी खिडकीपाशी नेऊन बघितला. बाहेरचा काठ कानशीने घासावा तसा गेलाय, पण सगळीकडे सारखा. याचा अर्थ, चालवणारा वळणाच्या आधीच आपला वेग ठरवतो आणि आत शिरल्यावर डगमगत नाही. उजव्या दोन्ही टायरांच्या बाजूवर गवताचा रस आणि दगडांचे ओरखडे आहेत. म्हणजे तो वळणाचा आतला कोपरा कापतो, रस्ता सोडून, कडेच्या गवतावरून. कितीदा? प्रत्येक वेळी. ओरखडे एकाच उंचीवर आहेत.

नवऱ्याच्या गाडीचे असले टायर मी लग्नानंतर सात वर्षं माझ्या हातांनी बदललेत.

गाडी कोण चालवतंय?

नेलिदा


कोरोनेल अरियागा,
१२ सप्टेंबर

प्रिय नेलिदा,

काय हे! माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी सुधारूच शकत नाही, असं तुझं म्हणणं आहे का?

मी सराव केला. मासिकं वाचली. रात्रीचं जेवण अर्धं केलं. जेवणाचं खोटं आहे, पण बाकी खरं आहे. जबड्यातल्या शेवटच्या दाढेपर्यंत आरशातून बघून पोचणारा माणूस मी. एका वळणाच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचलो, तर एवढं आश्चर्य कशाला? उलट तू मला शाबासकी द्यायला हवीस.

गवताचा रस म्हणशील तर ती आमची पद्धतच आहे. इथे सगळेच गवतावरून जातात.

शर्यतीला आता महिनाच उरलाय. नवे टायर अंगवळणी पडायलाही वेळ लागतो असं तूच म्हणतेस. तेव्हा चौकशा पुरे आणि टायर पाठव. बरं, अरुंद तर अरुंद. मी हरलो. खूश?

ओफेलिया मजेत आहे. कुत्राही.

अन्सेल्मो


त्रेस आरोयोस,
१४ सप्टेंबर

अन्सेल्मो,

दोन वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात एक वाक्य असतं: ‘मिर्ता बरी आहे.’ या पत्रात नाही. कुत्र्याची खुशाली आहे, तिची नाही.

मी विचारते आहे.

नेलिदा


कोरोनेल अरियागा,
१७ सप्टेंबर

प्रिय नेलिदा,

मिर्ता बरी आहे. आणि गाडी तीच चालवते.

लिहून टाकलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस आणि पाच कागद लागले. ओफेलिया म्हणाली, ‘मी लिहू का?’ तेव्हा घाईने लिहिलं.

एप्रिलमध्ये माझी कंबर धरली होती. एका म्हातारीची कवळी तळ्यापलीकडच्या मळ्यावर पोचवायची होती, तर मिर्ता म्हणाली, ‘मामा, तुम्ही शेजारी बसा, मी नेते.’ जाताना तिने नीट नेलं. येताना विचारलं, ‘जरा सोडू का?’ मला वाटलं, मला सोडते. म्हणालो, सोड.

नेलिदा, मी माझीच गाडी ओळखली नाही. पुलाचं वळण आलं आणि मी दोन्ही पाय समोरच्या पत्र्यात रुतवले, जिथे ब्रेक नव्हता तिथे. टोपी मागच्या काचेवर जाऊन आपटली. आणि ती? ती चौथीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावावं तशी शांत बसून वळण घेत होती. घरी पोचेपर्यंत माझी कंबर बरी झाली होती. डॉक्टर म्हणून मी याचं कारण सांगू शकत नाही.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. ती चालवते, मी घड्याळ धरतो आणि डोळे मिटतो. साडेसोळा मिनिटं तिची. एकवीस माझी. पागानींची सतरा. गावात सगळ्यांना वाटतं मी चालवतो, कारण बाहेरून माझंच अंग दिसतं. अर्जावर मात्र चालक म्हणून तिचंच नाव लिहिलंय, ‘एम. ब्राम्बिया’. सेक्रेटरीने मारियो समजून शिक्का मारला. नियमांच्या पुस्तकात बायकांना बंदी आहे असं कुठेच नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नसणार.

तुला मी फसवलं. मऊ टायरांचा हट्ट माझा नव्हता, तिचा होता. मला मऊ फक्त पाव कळतो. दोन वर्षांपूर्वी तिने तुझ्या नकळत चाचणी शर्यतीत नाव घातलं आणि तू दुकानाचं शटर ओढून म्हणालीस, ‘या घरातून आता कोणी शर्यतीला जाणार नाही,’ आणि ती बॅग घेऊन माझ्या दारात आली, ते सगळं मला ठाऊक आहे. शर्यतीत तुझ्या ओस्वाल्दोचा जीव गेला तेव्हापासून तुला गाड्यांचा राग आहे, हेही ठाऊक आहे. तरी तुझ्याकडेच विचारलं. कारण तिच्या गाडीला दुसऱ्या कोणाचे टायर लावायची मला हिंमत होईना.

तू नाही म्हण. मी गाडी विकतो. मग शाळेत जाऊन तिला सांगतो. यातलं दुसरं काम मला जास्त अवघड आहे.

अन्सेल्मो


त्रेस आरोयोस,
१ ऑक्टोबर

जाड्या,

दोन आठवडे लिहिता आलं नाही. काम होतं, असं लिहिणार होते. काम नव्हतं.

मला गाड्यांचा राग? माझं घर टायरवर चाललंय. राग असता तर मी लोकर विणली असती.

ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी ओस्वाल्दोला मऊ टायर हवे होते. रस्ता असाच, चुनखडीचा. मी म्हणाले, कडक घे. तो म्हणाला, फेऱ्याला दोन सेकंद वाचतात. आठवडाभर आमचं तेच चाललं होतं. शेवटच्या दिवशी मी थकले आणि म्हणाले, ‘घे बाबा, तुझं तू बघ.’ आणि माझ्या हातांनी मऊ टायर चढवले. नट मी आवळले. हवा मी भरली.

सगळे म्हणतात, गाडी थरथरत होती, शेजारी बसलेला थांब म्हणून ओरडत होता, तरी ओस्वाल्दो थांबला नाही. खरं आहे. पण टायर कापला गेला, थांबायची वेळ आली, ती माझ्यामुळे. मला बरोबर काय ते माहीत होतं आणि मी भांडायचं सोडलं.

मिर्ताला मी अडवलं तेव्हा तिला वाटलं, मी घाबरले. घाबरले होते. पण गाडीला नाही. तिने हात पुढे करून ‘आई, मऊ दे’ म्हटलं, तर मी पुन्हा थकेन याला.

आज पाच टायर पाठवलेत. अरुंद, कडक. चार आणि स्टेपनीसाठी एक. नव्या रबराला कारखान्याचा बुळबुळीतपणा असतो. पन्नास किलोमीटर हळू चालवून तो घालवायला सांग. हळू म्हणजे तुझ्यासारखं. हवा पुढे अठरा पौंड, मागे सव्वीस. शर्यतीच्या सकाळी पुन्हा मोजायची, टायर थंड असताना.

निवड तिची. चालवते ती, ठरवेल ती. पण आधी माझं तेवीस ऑगस्टचं पत्र तिला वाचून दाखव, मातीचं आणि दगडांचं, शब्द न गाळता. ओस्वाल्दोचं वाचू नकोस. ते सांगायचं झालं तर मी सांगेन.

तू शेजारी बसणार असशील तर बस. इंजिन मागे आहे, त्या गाडीचं नाक हलकं असतं. पुढे वजन लागतंच. तुझं पोट जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी येईल.

नेलिदा


कोरोनेल अरियागा,
१४ ऑक्टोबर

प्रिय नेलिदा,

ती सुखरूप आहे. मीही आहे, पण ते तू शेवटी विचारलं असतंस.

आता पहिल्यापासून सांगतो.

रविवारी लख्ख ऊन. रस्ता वाळून पांढरा. शर्यत सुरू व्हायला तास होता, तेव्हा पागानी आले. एरवी कसेही असोत, माणूस दिलदार आहे. चालवणारी मिर्ता आहे हे कळल्यावर अर्धं गाव कुजबुजत होतं, तर ते टोपी काढून तिला म्हणाले, ‘बाईसाहेब, माझ्याकडे रुंद मऊ टायरांचा दुसरा जोड आहे. तुमच्याच मापाचा. हवा असेल तर लावा. हरायचंच तर मला बरोबरीने हरायचंय.’

झालं! गाडीला तुझा जोड, शेजारी गवतावर त्यांचा. तुझे अरुंद, काळे, सायकलच्या मोठ्या भावासारखे; आणि त्यांचे रुंद, मासिकात असतात तसे. मिर्ता कमरेवर हात ठेवून बघत राहिली. अगदी ओस्वाल्दो उभा राहायचा तशी.

मग ती म्हणाली, ‘मामा, आईचं पत्र पुन्हा वाचा.’

मी वाचलं. ‘लगेच कळत नाही. कळतं तेव्हा तू वळणात असतोस.’ इथे ती म्हणाली, ‘पुन्हा.’ मी पुन्हा वाचलं. ती गाडीत बसली आणि मला तळ्याकाठी घेऊन गेली. बूट काढला आणि टाच मातीत रोवली. वरचा पापुद्रा बिस्किटासारखा मोडला आणि टाच घोट्यापर्यंत आत. बाहेर काढली तेव्हा काळीभोर, चिकट.

‘लोण्याचा गोळा,’ ती म्हणाली. ‘आई कधी आली होती इथे?’

मी म्हणालो, ‘कधीच नाही. तिने माझ्या टायरांच्या नक्षीत अडकलेली माती तेरा वर्षं टोकरून काढलीय.’

अरुंदच ठेवले.

पहिल्या फेऱ्यात आम्ही चौथे. वाळलेल्या रस्त्यावर रुंद टायरवाले सरळ पुढे गेले. पागानींनी तर जाताना हात हलवला. पण बावीस गाड्या एकदा तळ्याकाठून गेल्या आणि तो पापुद्रा मोडला. दुसऱ्या फेऱ्याला तिथे रस्ता नव्हताच, खीर होती. गाड्या अशा तरंगत होत्या, जसं लग्नात नाचता न येणाऱ्यांना कोणी मध्ये ढकलावं. पागानी अत्यंत सभ्यपणे, अजिबात घाई न करता, फिरत फिरत तळ्यात गेले. दारांपर्यंत पाणी. आम्ही जवळून गेलो तेव्हा ते टपावर बसले होते आणि त्यांनी टोपी काढली.

आणि आमची गाडी, नेलिदा! रुळावर बसवल्यासारखी. चिखल दोन्ही बाजूंनी पंख्यासारखा उडतोय, खाली कुठेतरी घट्ट काहीतरी लागतंय, आणि मिर्ता नुसती दोन बोटं इकडे-तिकडे करतेय. मी ओरडत होतो. आधी भीतीने. तिसऱ्या फेऱ्यापासून आनंदाने. आवाज तोच, पण मला फरक कळत होता. तिसरा फेरा संपला तेव्हा क्लबच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: पहिला क्रमांक, ब्राम्बिया, चाळीस सेकंदांनी पुढे.

चौथा फेरा. खाण मागे पडली. नऊ किलोमीटर राहिले. मिर्ता म्हणाली, ‘मागचा उजवा.’

मला काहीही जाणवलं नव्हतं. मी म्हणालो, ‘काय मागचा उजवा?’

‘जड झालाय. हवा जातेय.’

आता जे लिहितो ते वाचून तुला माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही. मी ओरडलो, ‘चालव! नऊच किलोमीटर! पहिला नंबर आहे!’ मी. जो रोज लोकांना सांगतो, दुखायला लागलं की त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका. तुझं एक ऑक्टोबरचं पत्र खिशात घेऊन बसलेला मी. एकशे चार किलोंमध्ये त्या क्षणी एक ग्रॅमही अक्कल नव्हती.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी कडेला घेतली, थांबवली, उतरली. म्हणाली, ‘मामा, जॅक.’

चाक बदलायला पाच मिनिटं लागली. त्यातलं दीड मिनिट माझं, कारण एक नट मी गवतात पाडला. तो मिळाला तेव्हा मी त्यावर बसलेलो होतो. चार गाड्या आमच्या शेजारून गेल्या. प्रत्येक गाडी गेली की मी डोकं धरायचो आणि ती म्हणायची, ‘पाना.’

टायरमध्ये घोड्याच्या नालेचा खिळा होता, चार बोटं लांब. पुढे पुलाचं वळण होतं.

शेवटचा नट आवळताना तिने विचारलं, ‘पपा थांबले नसते, ना?’

मी म्हणालो, ‘नाही.’

‘मला माहीत आहे,’ म्हणाली. हात पँटला पुसले आणि गाडी सुरू केली. उरलेले नऊ किलोमीटर मी घड्याळाकडे नाही, तिच्याकडे बघत होतो. मला वाटतं, ती ओठ मिटून रडत होती. किंवा डोळ्यांत चिखल गेला असेल. माझ्या तर गेलाच होता.

पाचवा क्रमांक. बावीस गाड्यांत. माझ्या घराण्यात यापेक्षा वर कोणी गेलेलं नाही. बक्षीस म्हणून एक हॅम मिळालं. ते ओफेलियाने लपवून ठेवलंय.

काल मिर्ता सहज म्हणून विचारत होती, शनिवारी आईचं दुकान किती वाजता बंद होतं? जिचा जन्म त्या दुकानात गेला, ती मला विचारतेय. मी म्हणालो, मला नाही माहीत. तू जाऊन बघ.

अन्सेल्मो


त्रेस आरोयोस,
२८ ऑक्टोबर

जाड्या,

शनिवारी आली. मी ट्रॅक्टरच्या चाकाखाली होते, मला तिचे फक्त बूट दिसले. म्हणाली, ‘आई, ती ट्यूब चिमटतेय.’ दोन वर्षांनंतर पहिलं वाक्य. चिमटत होती खरी.

जेवताना मी सांगितलं. ओस्वाल्दोचं, मऊ टायरांचं, सगळं. रविओली वाढताना सांगितलं, म्हणजे हाताला काम असावं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तू दिले नसतेस तर त्यांनी दुसरीकडून आणले असते.’ मी म्हणाले, आणले असते, पण मग ते माझ्या हातचे नसते. ती म्हणाली, ‘त्यांना ते तुझ्याच हातचे हवे होते. दुसऱ्या कोणाच्या हातून पपा टायर बसवून घ्यायचे नाहीत, हे मला लहानपणीही दिसत होतं.’ मी उठून पाणी आणायला गेले. टेबलावरचा जग भरलेला होता, तरी गेले.

ते झाल्यावर तिने खिशातून एक कागद काढला. नोव्हेंबरमध्ये किनाऱ्याकडे शर्यत आहे, अर्धा रस्ता डांबरी. तिला पुढच्या चाकांना मऊ टायर हवेत. मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, डांबर आहे. मी म्हणाले, अर्धंच आहे. ती म्हणाली, तू रस्ता बघितलेला नाहीस. मी म्हणाले, तूही नाहीस. चार वाजेपर्यंत भांडलो, जाड्या. मी टेबलावर मूठ आपटली, तिने माझ्यापेक्षा जोरात आपटली. समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात येऊन उभा राहिला, त्याचं गिऱ्हाईक तसंच फेस लावून त्याच्या मागे. मी दोघांना सांगितलं, काही झालेलं नाही, टायर निवडतोय.

शेवटी मधले ठरलेत. ना मऊ ना कडक. मला पटलेले नाहीत, तिलाही नाहीत.

तुला विचारायचं का, असं तिने म्हटलं होतं. मी म्हणाले, त्याला हॅममधलं विचार.

संध्याकाळच्या गाडीने गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा येतेय, भांडण पुरं झालेलं नाही म्हणून. रविओलीचं पीठ मी यावेळी दुप्पट मळणार आहे. माझंही पुरं झालेलं नाही, आणि यंदा मी थकणार नाही.

नेलिदा